चंद्रासमोरून काय गेलं

माझ्या दुकानात डोळे तपासायला आलेली माणसं समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचतात, नाहीतर वाचता येत नाहीत म्हणून सांगतात. साहेब पहिल्यांदा आले तेव्हा ते खुर्चीतून उठले, भिंतीवरचा तक्ता काढला, मागून पुढून पाहिला आणि म्हणाले, "ही अक्षरं योग्य मापाची आहेत याला पुरावा काय?"

"छापूनच तशी येतात," मी म्हणाले.

"कोण छापतं?"

ते मला माहीत नव्हतं. तो तक्ता वडिलांच्या काळापासून तिथे होता, आणि वडिलांनाही कुणी असलं काही विचारलं नसावं. साहेबांनी खिशातून मोजपट्टी काढली, दोन-तीन अक्षरं मोजली, "बरोबर आहेत, योगायोगाने" असं म्हणून तक्ता परत टांगला आणि बसून सगळं वाचून दाखवलं. फक्त शेवटची ओळ सोडली. ती दिसते आहे, पण शपथेवर सांगता येणार नाही, असं ते म्हणाले.

माझं चष्म्याचं दुकान लालबागमध्ये एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर होतं. शेजारी मिरच्या कुटून मसाला करून देणारा होता, त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्यांचे डोळे पायरीवरच पाणावलेले असायचे आणि त्यांना वाटायचं, आपल्याला मोठंच काहीतरी झालंय. धंद्याला ते सोयीचं होतं. साहेब त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचे. एका विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात त्यांची नोकरी गेली होती. कुणाचं गोदाम जळलं, कुणाची गाडी दरीत गेली, कुणाचा हात मशीनमध्ये गेला, की साहेब तिथे जाऊन, खरंच जळलं का, खरंच गेली का, आणि तो हात आधीपासूनच तसा नव्हता ना, हे बघून यायचे. निवृत्त झाल्यावर कंपनी सुटली, पण तपासणी सुटली नाही. ती उरलेल्या सगळ्या जगाला लागू झाली.

मासळी बाजारात ते पापलेट हातात घेऊन विचारायचे, "ताजं आहे याला पुरावा?" बाकीच्या कोळणी शिव्या घालायच्या. एकीने मात्र कोयता खाली ठेवून शांतपणे सांगितलं, "पुरावा पायजे तं कोर्टान जा. हितं मासली मिलते." हे उत्तर साहेबांना इतकं आवडलं की पुढे ते कायम तिच्याकडूनच मासे घ्यायचे. तिने प्रश्नाला बगल दिली नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. तिचे मासे इतरांपेक्षा ताजे असायचे असं मात्र काही नाही.

त्यांना दुखवायचं असेल तर "मी म्हणतो म्हणून मान ना" एवढं म्हटलं की पुरे व्हायचं. ते ताबडतोब उठून जायचे. लग्नात नवऱ्यामुलाची ओळख करून द्यायची झाली तर "शिक्षण इंजिनिअर असं सांगतात" असं म्हणायचे. त्यांच्या बायकोला, म्हणजे काकींना, लोक विचारायचे की या माणसाबरोबर कसे दिवस काढलेत. काकी मालवणच्या. त्या म्हणायच्या, "माका खोटा बोलाचा कायच सुचना नाय, म्हणान बरा चल्ला."

निवृत्तीच्या वेळी हापिसातल्या मंडळींनी तुम्हाला भेट काय हवी असं विचारलं, तेव्हा साहेबांनी दुर्बीण मागितली. त्यांना वाटलं साहेब गंमत करतायत. साहेबांनी त्या जन्मात गंमत केली नव्हती, हे लक्षात आल्यावर त्यांनी वर्गणी काढून दुर्बीण आणली. लांब पांढरी नळी, तीन पायांचा स्टँड. एका टोकाला मोठी काच, दुसऱ्या टोकाला वाकून डोळा लावायचा. साहेबांनी ती गच्चीवर पाण्याच्या टाकीजवळ मांडली आणि पहिल्याच दिवशी नियम सांगितला की, ही नळी आकाशाशिवाय दुसऱ्या कशाकडेही वळणार नाही. समोरच्या टॉवरकडे नाही, क्रेनकडे नाही, रस्त्याकडे तर नाहीच. लोकांच्या घरात नळी लावून बघणारा माणूस आणि चोर यांत त्यांना फरक दिसत नव्हता. इमारतीतल्या बऱ्याच जणांचा उत्साह तिथेच मावळला.

आता लालबागच्या आकाशात बघण्यासारखं असतं काय? चंद्र, दोन-तीन ग्रह, आणि हट्टी स्वभावाचे थोडे तारे. बाकी सगळं खालच्या दिव्यांच्या पिवळट उजेडात विरघळलेलं. साहेबांनी महिनाभर तारे शोधले आणि मग चंद्रावर समाधान मानलं. चंद्र आहे याबद्दल त्यांची खात्री पटली होती.

त्यातूनच संकष्टीचं प्रकरण सुरू झालं. आमच्या इमारतीत निम्म्या बायका संकष्टी धरायच्या. दिवसभर उपास, रात्री चंद्र दिसला की त्याला अर्घ्य, गणपतीला नैवेद्य, मग जेवण. पूर्वी यात काही अडचण नव्हती. कॅलेंडरवर चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, त्या वेळी गच्चीवर गेलं की पूर्वेला, शिवडीच्या अंगाला, चंद्र हजर असायचा. पण गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिले आणि चंद्र कॅलेंडरप्रमाणे उगवून टॉवरच्या मागे उभा राहू लागला. बायका ताम्हन घेऊन गच्चीवर ताटकळत. आता यावर दोन पक्ष पडले. चंद्र उगवलाय, दिसत नसला म्हणून काय झालं, जेवून घ्या, असा एक पक्ष. यात बहुतेक नवरे होते. दुसरा पक्ष म्हणायचा, दिसल्याशिवाय तोंडात घास घालायचा नाही.

साहेबांचा देवावर विश्वास नव्हता, पण या वादात ते ठामपणे दुसऱ्या पक्षात होते. "दिसला नाही म्हणजे उगवला हे ऐकीव झालं," ते म्हणायचे. त्यांनी पूर्वेकडच्या टॉवरांच्या उंच्या काढल्या आणि दर महिन्याला इमारतीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर संदेश टाकायला सुरुवात केली. "संकष्टी. कॅलेंडरचा चंद्र सव्वानऊला. आपला चंद्र डावीकडचा टॉवर सोडून बाहेर यायला आणखी पाऊण तास. आमटी उशिरा फोडणीला टाकावी." आजूबाजूच्या इमारतीतही हा संदेश फिरायचा. मी भायखळ्याला राहते. आमच्या खिडकीतून चंद्रच काय, समोरच्या घरातला पंखा सोडून काहीच दिसत नाही. त्यामुळे संकष्टीला मी दुकान बंद करून वर गच्चीवर जायचे आणि काकींकडे जेवून घरी जायचे. माझा उपास श्रद्धेचा होता की काकींच्या मोदकांचा, हे मी शपथेवर सांगू शकणार नाही.

चंद्राला अर्घ्य दिलं की बायका रांगेने दुर्बिणीतून चंद्र बघायच्या. खड्डे बघून हळहळायच्या. एक आजी तर दरवेळी म्हणायच्या, "बिचाऱ्याला देवी येऊन गेलेल्या दिसतात." काकी मात्र रांगेत कधी उभ्या राहिल्या नाहीत. त्यांनी त्या नळीला कधी डोळाही लावला नाही. "माका साध्या डोळ्यान दिसता," त्या म्हणायच्या. "ज्यांका दिसना नाय त्यांनी लावा नळो."

पहिला पक्षी साहेबांना दिसला तेव्हा त्यांना वाटलं काचेवर कचरा आहे. चंद्राच्या उजळ तबकडीवरून काहीतरी काळं सर्रकन गेलं. त्यांनी काच पुसली. थोड्या वेळाने पुन्हा गेलं. पुन्हा पुसली. तिसऱ्यांदा गेलं तेव्हा त्याला पंख होते आणि ते हलत होते. शिवडीच्या चिखलात हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत फ्लेमिंगो असतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, रविवारी लोक पोरांना घेऊन बघायला जातात. पण ते रात्री भरती-ओहोटी बघून जागा बदलतात, अंधारात आपल्या डोक्यावरून ये-जा करतात, हे कुणी पाहिलेलं नव्हतं. काळ्या आकाशात दिसणार कसे? चंद्रासमोरून जाताना अर्धा क्षण दिसतात, तेवढेच. तो अर्धा क्षण डोळा तिथे लावलेला असला पाहिजे, आणि तसा तो साहेबांखेरीज कुणाचाच नसायचा.

त्यानंतर साहेब बदलले. म्हणजे बाहेरून नाही. पण पौर्णिमेच्या मागचे-पुढचे दिवस आले की संध्याकाळपासून त्यांची चाल हलकी व्हायची. गच्चीवर स्टूल टाकून ते नळीला डोळा लावून बसायचे आणि पक्षी गेला की मोठ्याने म्हणायचे, "गेला!" जिन्यातून तो आवाज खाली यायचा. दुसऱ्या मजल्यावर नवीन राहायला आलेलं बिऱ्हाड पहिल्या रात्री घाबरून चपला न घालताच वर धावलं. त्यांना वाटलं, कुणाच्या तरी घरातलं म्हातारं माणूस गेलं. साहेबांनी त्यांना शांतपणे सांगितलं, "अजून दोन जातील. बसा."

एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या कुणाच्या तरी जावयाने गच्चीवरून मोबाइलवर व्हिडिओ काढला. आकाशात फिकट ठिपक्यांची एक बाणासारखी रांग, आवाज न करता सरकणारी. ग्रुपवर एकच गलका उडाला. उडत्या तबकड्या, शत्रूचे ड्रोन, कुणाच्या मते साक्षात देवाचा संकेत. साहेबांच्या अंगात जुनी नोकरी संचारली. ज्यांनी ज्यांनी ते पाहिलं त्या प्रत्येकाचा जबाब त्यांनी वेगवेगळ्या मजल्यांवर बसवून घेतला, म्हणजे एकमेकांचं ऐकून कुणी सांगू नये. जावयाला त्यांनी चार वेळा तीच हकिकत सांगायला लावली. तो पुढे सासुरवाडीला येईनासा झाला.

साहेबांचा निष्कर्ष असा निघाला की ते फ्लेमिंगो आहेत आणि त्यांच्या पांढऱ्या पोटांवर मैदानातल्या रात्रीच्या क्रिकेट सामन्यांच्या दिव्यांचा उजेड पडतोय. पण निष्कर्षावर थांबले तर ते साहेब कसले? ते थेट मैदानावर गेले आणि संयोजकांना म्हणाले, पाच मिनिटं सगळे दिवे बंद करा, मला खात्री करून घ्यायची आहे. अंतिम सामना चालू होता. हाणामारीची वेळ आली. शेवटी कुणीतरी शहाण्या माणसाने दोन डावांच्या मध्ये दिवे घालवले आणि "विमा कंपनीचे माजी अधिकारी" म्हणून साहेबांना स्टेजवर बसवलं. पाच मिनिटं दोन हजार माणसं अंधारात वर बघत उभी होती. काहीच दिसलं नाही. साहेब माईकवर म्हणाले, "दिवे बंद असताना ठिपके दिसले नाहीत. हेच सिद्ध करायचं होतं." टाळ्या पडल्या. पक्षी त्या वेळी तिथे होते की नव्हते, हा प्रश्न मी विचारणार होते, पण त्यांच्या गळ्यात हार घातलेला होता, म्हणून सोडून दिला.

आता मूळ गोष्टीकडे येते. एका वर्षी गणपती आटोपून पाऊसही गेला आणि आकाश मोकळं झालं. अशात एका दुपारी साहेब दुकानात आले. खुर्चीत बसले, पण तक्त्याकडे बघेनात.

"एक विचारायचं होतं," ते म्हणाले. "फ्लेमिंगो अजून आलेले नाहीत. शिवडीला जाऊन मी स्वतः बघून आलो. पण चंद्रासमोरून जातायत."

"दुसरे पक्षी असतील. रातबगळे असतात."

"खूप जातायत. आणि मी सरळ त्यांच्याकडे बघायला गेलो की बाजूला पळतात."

मला तेव्हाच कळलं. रोज चार माणसं हेच सांगत येतात. मी दुकानाच्या मागच्या पांढऱ्या भिंतीवर दिवा लावला आणि त्यांना तिच्याकडे बघायला सांगितलं. साहेब बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "भिंतीसमोरूनही गेला."

वय झालं की डोळ्याच्या आतल्या पाण्यात बारीक गाठी, धागे तरंगायला लागतात. त्यांची सावली आत पडद्यावर पडते आणि माणसाला समोर काळे ठिपके, केस, माश्या फिरताना दिसतात. उजळ वस्तूकडे बघितलं की जास्त दिसतात, आणि दुर्बिणीच्या बारीक भोकातून चंद्राकडे बघितलं की सगळ्यात जास्त. मी हे सगळं त्यांना आमच्या नेहमीच्या धंदेवाईक आनंदी आवाजात सांगितलं. घाबरण्यासारखं काही नाही, तरी एकदा मोठ्या डॉक्टरांना पडदा दाखवून घ्या, असंही सांगितलं. पुढे त्यांनी दाखवला. डॉक्टरांनीही तेच सांगितलं, काळजीचं काही नाही.

त्या दुपारी मात्र साहेब माझ्यासमोर बसूनच होते. "कधीपासून असेल हे?"

"सांगता येत नाही. हळूहळू होतं. लक्षात येत नाही."

"म्हणजे पहिल्यापासूनही असू शकेल."

"अहो, पण तुम्हाला पंख दिसले होते ना?"

"मला दिसले होते," साहेब म्हणाले. "दाव्याला मालकाच्या बोलण्याशिवाय दुसरा आधार नाही. असे किती दावे मी फेटाळले, माहितीये?"

मी काहीतरी समजावणीचं बोलले. त्यांनी हात वर करून मला थांबवलं. "आयुष्यभर दुसऱ्यांनी पाहिलेलं खरं की खोटं ते बघत हिंडलो. स्वतः पाहिलेलं असं एवढंच होतं माझ्याकडे." ते उठले, माझ्या टेबलावरचा पेन सरळ केला आणि निघून गेले. मला फार वाईट वाटलं. निदान बरोबर होतं, त्यात फिरवण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यामुळे ते वाईट वाटणं कुठे ठेवावं हेही कळेना.

त्या दिवसापासून गच्चीवरचा "गेला" बंद झाला. दुर्बिणीवर जुनी चादर आली. ग्रुपवर संकष्टीचा संदेश येईना. पुढच्या संकष्टीला बायका कॅलेंडरप्रमाणे वर गेल्या, टॉवरकडे बघत तिष्ठत राहिल्या आणि कंटाळून निम्म्या जणी नवऱ्यांच्या पक्षाला जाऊन मिळाल्या. फ्लेमिंगो आले, शिवडीला गर्दी झाली, साहेब गेले नाहीत. सगळ्यात वाईट म्हणजे त्यांनी पुरावा मागणं सोडलं. वाणी म्हणाला तांदूळ जुना आहे, तर "असेल" म्हणायचे. त्या कोळणीने काकींसाठी माझ्याकडे निरोप दिला की साहेबाला काही झालंय काय, गुपचूप मासली घेऊन जातो.

मी दोन वेळा स्वतः वर जाऊन चादर काढली आणि नळीला डोळा लावून बसले. एकदा काही दिसलं नाही. एकदा चंद्रासमोरून काहीतरी गेलं, मी आनंदाने ओरडणार, तेवढ्यात मी नजर वळवली आणि ते माझ्याबरोबर वळलं. ते माझंच होतं. माझंही वय होत चाललंय ही बातमी मला अशी मिळाली. साहेबांना मी हे सांगितलं, तर ते म्हणाले, "तुम्ही बघू नका. माझ्या डोळ्यांचं निदान तुम्हीच केलंत. आता तुम्ही पक्षकार आहात."

माघातली संकष्टी आली. त्या संध्याकाळी काकींनी साहेबांना हाताला धरून गच्चीवर आणलं. "बायलमाणसा उपाशी आसत. तुमचो नळो लावा. माका बाकीचा काय माहीत नाय." साहेबांनी मुकाट्याने चादर काढली, दुर्बीण मांडली, टॉवरच्या कडेवर रोखली आणि टाकीला टेकून चंद्राकडे पाठ करून बसले. बऱ्याच वेळाने टॉवरच्या काचा उजळल्या आणि त्यामागून चंद्र बाहेर आला. एका बाजूने थोडा झिजलेला, तांबूस. बायकांनी अर्घ्य दिलं, रांगेने नळीतून बघितलं, खड्ड्यांबद्दल हळहळल्या आणि जेवायला पळाल्या. पक्षी कुणालाच दिसला नाही. साहेबांनी कुणाला विचारलंही नाही.

काकींनीही अर्घ्य दिलं, हात जोडले. मी म्हटलं, आता मोदक. पण काकींनी ताम्हन माझ्या हातात दिलं, पदर खोचला आणि स्टुलावर जाऊन बसल्या.

"कसो लावतत डोळो ह्येका?"

मी त्यांना दाखवलं. चंद्र सरकत राहतो, तेव्हा नळी हळूहळू ढकलावी लागते, ते काम मी करत राहिले. साहेब पाठमोरेच होते. म्हणाले, "काय चाललंय?"

"बघतंय," काकी म्हणाल्या.

"जेवून घे. दिवसभराची उपाशी आहेस."

"पक्षी गेल्याशिवाय मी उठूचंय नाय."

मला हसायला आलं आणि लगेच ते गेलंही, कारण काकी खरंच उठल्या नाहीत. खालून भांड्यांचे आवाज येत होते, कुणाकडे टीव्ही चालू होता. काकींची मान अवघडली असणार, मी दोनदा विचारलं, त्यांनी हातानेच गप्प केलं. चंद्र वर चढला, तांबूस होता तो पांढरा झाला. मलाच भूक आवरेना. साहेब अधूनमधून नुसते खाकरत होते.

"गेले," काकी म्हणाल्या.

साहेब हलले नाहीत. "काय गेले?"

"पक्षी. एकामागसून एक. पाच नायतर सा."

"मोजले नाहीस?"

"मोजूक ते थांबले नाय."

मी नळीला डोळा लावला. चंद्र रिकामा होता. साहेब म्हणाले, "तुझे डोळेही माझ्याच वयाचे आहेत. नजर वळवल्यावर तुझ्याबरोबर वळले का?"

"मी खय बघतंय ह्येचा त्यांका काय पडलेला? ते आपले गेले. लांब मान, मागे काटक्यांसारे पाय. तेच ते, शिवडीक होते ते."

"शिवडीचे तू दहा वेळा पाहिलेत. त्यावरून कुणीही सांगेल." साहेबांचा आवाज कोरडा होता, पण हात गुडघ्यावर घट्ट आवळलेले मला दिसत होते. "मला बरं वाटावं म्हणून सांगतेस. घरच्या माणसाची साक्ष धरत नाहीत."

"नका धरू," काकी म्हणाल्या आणि स्टुलावरून उठल्या. पोटात अन्न नाही, मान दुखतेय, वर हे ऐकून घ्यायचं, त्या चांगल्याच तापल्या होत्या. "नायतरी माझाच माका पटूक नाय. मी सांगूचंयच नाय होतंय. सांगितलंय तर तुम्ही हसशात."

"काय पटलं नाही?"

काकी जरा घुटमळल्या. माझ्याकडे बघून मग म्हणाल्या, "उताणे उडत होते."

"उताणे म्हणजे?"

"उताणे म्हणजे उताणे! पाठ खाली नि पोट वर. मान नि चोच आकाशाकडे वाकडी झालेली. सगळेच्या सगळे. असो खयचो पक्षी उडता? आता घेवा पुरावो."

त्या प्रकारच्या साध्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. वरचं खाली, खालचं वर. चंद्र गोल, तारे ठिपके, म्हणून इतक्या वर्षांत रांगेतल्या एकाही बाईच्या ते लक्षात आलं नव्हतं. आणि नळी आकाशाशिवाय कुठेही वळवायची नाही हा नियम असल्यामुळे, डोकं-पाय असलेली कुठलीही वस्तू त्यातून दुसऱ्या कुणी पाहिलेलीच नव्हती. हे माहीत होतं ते साहेबांना, आणि काचांचा धंदा करते म्हणून मला. काकींना माहीत असायचं काही कारण नव्हतं. नवऱ्याला बरं वाटावं म्हणून खोटं सांगणाऱ्या बाईने पक्षी सुलटे उडवले असते. आणि डोळ्यांतल्या ठिपक्यांना पोट-पाठ नसते.

साहेबांना हे माझ्याआधीच समजलं असणार. ते उठून उभे राहिले, पुन्हा बसले. मग चष्मा काढून हातात धरला. मी टॉवरच्या खिडक्या मोजू लागले, कारण साहेबांच्या चेहऱ्याकडे बघायची ती वेळ नव्हती.

"परत सांग," ते म्हणाले.

"वरण-भात निवान गेलो आसतलो."

"परत सांग ना."

त्या आवाजातलं "ना" काकींनी ओळखलं. त्या त्यांच्या शेजारी टाकीच्या कठड्यावर बसल्या आणि पहिल्यापासून सांगू लागल्या. पुढचा एकटा होता, मग दोन जवळजवळ, मग बाकीचे, पंख असे सावकाश, अगदी बिनघोर. साहेबांनी चुकूनही मध्ये प्रश्न विचारला नाही. काकींचं सांगून झालं तेव्हा ते म्हणाले, "आणि शेवटचा?" आणि काकींनी शेवटचाही सांगितला. माझ्यापासून दोन पावलांवर दुर्बीण होती, चंद्र मोकळ्या आकाशात होता, आणखी पक्षी जाण्यासारखी रात्र होती. पण एकदा डोळा लावून खात्री करून घ्यावी असं साहेबांच्या मनातही आलं नाही. ते डोळे मिटून ऐकत बसले होते.